घोड्याला म्होरकी घालणे

म्होरकी किंवा हॉल्टर हा घोड्याच्या डोक्यावर चढवायचा साज. घोडा बांधायला, हाताने चालवत न्यायला, खरारा किंवा नालबंदी करताना धरून ठेवायला तो लागतो. लगामासारखे तोंडात कडियाळे (लोखंडी दांडी) नसते. नाकावरचा आणि कानांमागचा दाब एवढ्यावरच ताबा राहतो. म्हणून म्होरकी नीट बसणे महत्त्वाचे.

घोड्याला अगदी कपाळासमोरचे आणि शेपटीमागचे दिसत नाही. आवाज देत, तिरके चालत डाव्या खांद्याशी जावे आणि पहिला हात खांद्यावर ठेवावा. थेट तोंडाकडे हात नेला की तो मान वर फेकतो. आधी दोर मानेवरून टाकून घ्यावा, म्हणजे म्होरकी चढण्यापूर्वी घोडा हातात असतो. नवशिके हीच पायरी गाळतात.

मग घोड्याच्या डोक्याच्या डाव्या बाजूला, त्याच्याच दिशेला तोंड करून उभे राहावे. बक्कल आधीच उघडे असावे. उजवा हात मानेवरून पलीकडे नेऊन कानांमागचा पट्टा धरायचा, डाव्या हाताने नाकपट्टा नाकावर सरकवायचा आणि बक्कल लावायचे. बंद म्होरकी कानांवरून ओढू नये. कान दुमडले, दुखले की घोडा पुढच्या वेळी डोके देत नाही. सारंगखेड्याच्या (जि. नंदुरबार) दत्तजयंतीच्या घोडेबाजारात दिसणाऱ्या मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांच्या कानांची टोके आत वळलेली असतात. तिथे पट्टा अधिकच जपून न्यावा लागतो.

नाकपट्टा गालाच्या उंच हाडाखाली दोन बोटांवर असावा आणि त्यात दोन-तीन बोटे सहज जावीत. त्याहून खाली आला तर नाकाच्या हाडाच्या नाजूक टोकावर आणि कूर्चेवर (लवचीक हाडावर) दाब येतो, श्वासही अडतो. फार सैल असेल तर पाय अडकतो. दोरीच्या म्होरकीला बक्कल नसते, टोक गालाजवळच्या फासातून ओवून बांधतात; ही गाठ फासाच्या खालच्या भागाभोवतीच मारावी आणि मोकळे टोक डोळ्यापासून दूर, मागे ठेवावे. फासाच्या वर मारलेली गाठ ताण पडला की आवळते, सुटत नाही.

सुमारे ३ मीटरचा दोर घड्या घालून धरावा, हाताला कधीही गुंडाळू नये. घोडा उधळला तर वेढा आवळून बोटे तुटू शकतात. बांधताना एका झटक्यात सुटणारी गाठ हवी आणि ती घोड्याच्या खांद्याच्या उंचीवर. नायलॉनची म्होरकी तुटत नाही, त्यामुळे दोर थेट भिंतीतल्या किंवा खांबाच्या कडीला न बांधता कडीतल्या सुतळीच्या फासाला बांधणे शहाणपणाचे.

कुरणात सोडताना म्होरकी काढावी. मागच्या पायाने कान खाजवताना खूर पट्ट्यात अडकतो. शिंगरांच्या बाबतीत तर ती अंगावर ठेवणे क्रूरपणाच आहे: डोके झपाट्याने वाढते आणि पट्टा कातड्यात रुततो. काढण्यापूर्वी घोड्याचे तोंड फाटकाकडे, आपल्याकडे वळवून घ्यावे; सुटताच तो मागच्या लाथा झाडत पळू शकतो.