जित्याची खोड : मोठ्या ॲडव्हेंचर गाड्यांची पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचं दुकान असलेला माझा एक मित्र गेलं वर्षभर मोठी गाडी घ्यायची म्हणतोय. मोठी म्हणजे बुलेट नव्हे. हजार-बाराशे सीसीची, उंच, पुढं चोच काढलेली, दोन्ही बाजूंना पेट्या लावून आत्ताच लडाखला निघाल्यासारखी दिसणारी ॲडव्हेंचर टूरर. त्यासाठी त्यानं एक वही केली आहे. उभे रकाने बीएमडब्ल्यू, होंडा, केटीएम, डुकाटी, ट्रायम्फ आणि हार्लेचे. आडव्या ओळी सीसी, अश्वशक्ती, वजन, सीटची उंची आणि किमतीच्या. सगळे रकाने भरून झाल्यावर तो जास्तच गोंधळला. "आकडे सगळ्यांचे भारीच आहेत रे," तो म्हणाला. "तू प्रत्येकीची खोड सांग. जुनी मशीन घेताना आम्ही खोडच बघतो."

खोड बघायची तर जन्म बघावा लागतो. या गाड्या आज एकाच फळीवर मांडलेल्या दिसतात, पण प्रत्येकीला जन्माला घालणारी अडचण वेगळी होती, आणि त्या अडचणीचा वळ अजून अंगावर आहे.

सुरुवात म्युनिकच्या एका अडलेल्या कंपनीपासून होते. १९२३ च्या आर-३२ पासून बीएमडब्ल्यूचं मोटारसायकल इंजिन म्हणजे बॉक्सर : दोन सिलिंडर डाव्या-उजव्या बाजूंना आडवे, आणि मागच्या चाकाला चेनऐवजी शाफ्ट. १९६९ मध्ये होंडानं चार सिलिंडरची सीबी-७५० आणली, पाठोपाठ जपानी गाड्यांचा लोंढा आला आणि हे जुनं इंजिन म्हातारं दिसू लागलं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी बीएमडब्ल्यूचा मोटारसायकल विभाग टिकेल की नाही अशी अवस्था होती. नवं इंजिन काढायला वेळ नव्हता, म्हणून होतं तेच ८०० सीसीचं बॉक्सर उंच चेसिसमध्ये बसवून १९८० मध्ये आर-८० जी/एस बाजारात आणली. नावातली दोन अक्षरं म्हणजे गेलेंडे आणि श्ट्रासे : रान आणि रस्ता.

त्या काळी रानात चालवायची गाडी म्हणजे हलकी आणि एका सिलिंडरची असणार, हे गृहीत होतं. ही १८६ किलोची, ५० अश्वशक्तीची. लोक हसले असते, पण तोवर वाळवंटात एक वेगळाच उद्योग सुरू झाला होता. २६ डिसेंबर १९७८ ला थिएरी साबिन यांच्या पहिल्या पॅरिस-डकार रॅलीनं, म्हणजे सहारा ओलांडून आफ्रिकेतल्या डकारला जाणाऱ्या शर्यतीनं, पॅरिस सोडलं. पहिल्या वर्षी सिरिल नव्यू हा स्वार यामाहाच्या एक्सटी-५०० वर जिंकला, म्हणजे हलकी गाडीच जिंकली. पण शेकडो किलोमीटरच्या सपाट वाळूत सलग वेग लागतो, भरपूर पेट्रोल लागतं, आणि तिथं मोठ्या इंजिनाची सरशी होऊ लागली. १९८१ आणि १९८३ मध्ये ह्युबेर ओरिऑल, १९८४ आणि १९८५ मध्ये गॅस्टन राहिए बीएमडब्ल्यूवर जिंकले. नाइलाजानं जुळवलेली गाडी एका नव्या जातीची मूळपुरुष ठरली.

आज आर-१३०० जीएसकडे बघताना हे आठवावं. २०२३ मध्ये आलेली ही गाडी २३७ किलोची आणि १४५ अश्वशक्तीची आहे; पहिल्या जी/एसपेक्षा वजन ५१ किलोनं जास्त, ताकद जवळजवळ तिप्पट. पण सिलिंडर तसेच बाहेर डोकावतात. त्यामुळे वजन खाली राहतं आणि चालू गाडी आपल्या वजनाच्या मानानं हलकी वाटते. आडवी झाली तर मात्र सिलिंडरच आधी जमिनीला टेकतो, आणि अरुंद बोळात तो गुडघ्याएवढा रुंद पाहुणा सांभाळावा लागतो. शाफ्टमुळे चेनला वंगण द्यायची कटकट नाही. सुरुवातीला ॲक्सिलरेटर पिळला की शाफ्टची गाडी मागून उचलल्यासारखी व्हायची, त्यावर १९८७ मध्ये पॅरालिव्हर हा दुहेरी सांध्याचा मागचा दांडा आला. पुढं टेलिलिव्हर सस्पेन्शन आलं, त्यानं ब्रेक मारल्यावर नाक खाली घालायची सवय बरीच घालवली. म्हणजे एकच जुना आराखडा घेऊन त्याची एकेक खोड चाळीस वर्षं घासत बसायचं. मित्राला हे फार आवडलं. उद्यमनगरात निम्मी यंत्रं अशीच सुधारत आली आहेत.

या गाडीचा खप वाढायला आणखी एक गोष्ट कारण झाली. २००४ मध्ये इवन मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन हे दोन नट लंडनहून पूर्वेकडं निघून न्यूयॉर्कला पोचले. त्यांना आधी केटीएम हवी होती. केटीएमनं नकार दिला, बीएमडब्ल्यूनं आर-११५० जीएस ॲडव्हेंचर दिल्या. प्रवास टीव्हीवर दिसला आणि ॲल्युमिनियमच्या पेट्या लावलेली गाडी हे जगभरच्या चाळिशीतल्या पुरुषांचं स्वप्न होऊन बसलं. आपल्याकडं पेट्यांचं एवढं अप्रूप असायचं कारण नव्हतं म्हणा. राजदूतला दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून पहाटे गंगावेशीत येणारे गवळी हे काम कितीतरी आधीपासून करत होते, तेही भरल्या कॅनांनिशी.

होंडाची कथा उलटी आहे. तिला गाडी विकण्याआधी शर्यत जिंकायची होती. एनएक्सआर-७५० ही खास डकारसाठी बनवलेली व्ही-ट्विन १९८६ ते १९८९ अशी सलग चार वर्षं जिंकली, आणि त्या विजयाच्या जोरावर १९८८ मध्ये रस्त्यावरची आफ्रिका ट्विन आली. २००३ मध्ये ती बंद झाली. मधल्या बारा-तेरा वर्षांत प्रतिस्पर्ध्यांनी इंजिनं १२०० सीसीपर्यंत नेली. २०१६ साठी आफ्रिका ट्विन परत आली ती ९९८ सीसीची, पुढं २१ इंची चाक घेऊन. आता ती ११०० आहे आणि ताकद शंभर अश्वशक्तीच्या आसपास. मित्राच्या वहीत अश्वशक्तीच्या ओळीत होंडा दर वेळी शेवटी येते. माझं मत विचाराल तर तिथंच वही फसवते. २१ इंची चाक खड्डा आणि दगड सहज गिळतं, आणि होंडाचा डीसीटी गिअरबॉक्स आपण क्लच न दाबता स्वतः गिअर बदलतो. करूळ घाटात पुढं एसटी, मागं उसाचा ट्रक आणि पाऊस असताना दीडशे अश्वशक्तीतली किती वापरता येते, हे ज्यानं तो घाट चढलाय त्याला सांगायला नको.

केटीएम ऑस्ट्रियाच्या माटिगहोफेन गावची. एका सिलिंडरच्या चिखलातल्या गाड्या बनवणारी ही कंपनी १९९१ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि पुन्हा उभी राहिली. २००१ मध्ये फाब्रिझिओ मेओनीनं तिला पहिलं डकार मिळवून दिलं, पुढच्या वर्षी तोच दोन सिलिंडरच्या ९५० वर जिंकला, आणि २००३ मध्ये ९५० ॲडव्हेंचर विक्रीला आली. २००१ ते २०१९ पर्यंत एकही डकार केटीएमनं सोडली नाही. म्हणून हिची खोड उतावळेपणाची. शाफ्ट नाही, चेन आहे, कारण शर्यतीत वजन महत्त्वाचं. या कंपनीशी आपलं नातंही जुनं. बजाजनं २००७ मध्ये केटीएममध्ये साडेचौदा टक्के हिस्सा घेतला, आणि तिच्या लहान गाड्या चाकणला बनू लागल्या. ३९० ॲडव्हेंचर तिथलीच. २०२४ च्या शेवटी केटीएमवर पुन्हा दिवाळखोरीची वेळ आली, तेव्हा २०२५ मध्ये पैसा घेऊन बजाजच धावली. मोठी गाडी दहा वर्षं ठेवायची म्हणणाऱ्यानं वहीत ही गोष्टसुद्धा लिहावी.

२०११ पासून डकारमध्ये मोटारसायकलींना ४५० सीसीची मर्यादा सरसकट लागू झाली. तेव्हापासून शर्यतीतली गाडी आणि दुकानातली मोठी ॲडव्हेंचर यांची ताटातूट झाली. टाकीवर वाळवंटाची चित्रं तेवढी राहिली. चुरस सरकली ती इलेक्ट्रॉनिक्सकडं. २०२० मध्ये डुकाटीची मल्टिस्ट्राडा व्ही-४ पुढं-मागं रडार घेऊन आली.

डुकाटीचा जन्म रस्त्यावरचा. तिचं इंजिन घातलेली काजिवा एलेफांट १९९० आणि १९९४ ची डकार जिंकली हे खरं, पण मल्टिस्ट्राडाचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. २०१० च्या मल्टिस्ट्राडा १२०० ला पुढं १७ इंची चाक होतं, म्हणजे सरळ डांबरी सडकेचं. व्ही-४ मध्ये ते १९ झालं. ट्रायम्फची टायगर तीन सिलिंडरची. २०१२ ची एक्स्प्लोरर शाफ्ट लावून थेट जीएसच्या अंगावर गेली आणि वजनात हरली, म्हणून २०२२ च्या नव्या टायगर १२०० मध्ये कंपनीनं पंचवीस किलोंहून जास्त वजन उतरवलं. अमेरिकी हार्लेची पॅन अमेरिका २०२१ ची, म्हणजे या घरातली धाकटी सून. तिनं मात्र एक शहाणपण आणलं : गाडी थांबत आली की सस्पेन्शन आपोआप खाली बसतं. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाला हे अश्वशक्तीपेक्षा मोलाचं.

हार्लेवरून आंब्याकडं यावंच लागेल, कारण कोल्हापुरातल्या वहीतली किमतीची ओळ तिथून सुरू होते.

२००७ पर्यंत मोठी मोटारसायकल रीतसर आयात करून विकणं भारतात जवळपास अशक्य होतं. उत्सर्जनाचे नियम आडवे यायचे. तिकडं अमेरिकेनं १९८९ पासून आपल्या आंब्याला दार बंद केलं होतं, कीड येईल म्हणून. जॉर्ज बुश २००६ मध्ये भारतात आले तेव्हा दोन्ही अडलेली प्रकरणं एकत्र बसवली गेली. २००७ च्या एप्रिलमध्ये भारतानं ८०० सीसीवरच्या गाड्यांना युरो-३ हे युरोपातलं उत्सर्जनाचं प्रमाणपत्र मान्य केलं, आणि त्याच महिन्यात हापूस-केसरची पहिली खेप अमेरिकेला गेली. जाण्याआधी त्या आंब्यांवर नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या केंद्रात विकिरण, म्हणजे किडीसाठी किरणांचा मारा, झालं. ते केंद्र मुळात कांद्यासाठी उभारलेलं. आंबा घाटातून रत्नागिरीला जाणाऱ्या प्रत्येक मोठ्या गाडीवाल्यानं एकदा तरी बागांकडं बघून मान तुकवावी, एवढा हापूसचा तिच्यावर उपकार आहे.

दार उघडलं तरी उंबरा उंच होता. ८०० सीसीवरच्या तयार गाडीवर ७५ टक्क्यांपर्यंत सीमाशुल्क होतं. डोनाल्ड ट्रम्प हार्लेवरून जाहीर कुरकुर करत असताना २०१८ च्या फेब्रुवारीत ते ५० टक्क्यांवर आलं. २०२५ च्या अर्थसंकल्पात १६०० सीसीपर्यंतच्या तयार गाड्यांसाठी ४० झालं, म्हणजे वहीतल्या सगळ्याच गाड्या त्यात बसल्या. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून ३५० सीसीवरच्या गाड्यांचा जीएसटी, जो उपकर धरून ३१ टक्के होता, तो ४० झाला. आर-१३०० जीएस बर्लिनहून तयार येते. २०२४ मध्ये ती आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत २० लाख ९५ हजार होती. बाकी काही न बदलता फक्त जीएसटीचा फरक धरला तरी दीड लाखाच्या जवळपास वाढ होते. उलट ३५० सीसीच्या आतल्या गाड्यांचा कर १८ वर आला, त्यामुळे मित्राच्या घरातून "मग बुलेटच घे की" हा सूर पुन्हा निघाला आहे.

मधली वाटही आहे. २०१६ च्या रॉयल एनफिल्ड हिमालयननं कमी ताकदीत लांबचा प्रवास होतो हे दाखवून दिलं, आणि २०२३ च्या ४५२ सीसीच्या नव्या हिमालयननं चाळीस अश्वशक्तीत घाटाची तक्रारही मिटवली. मित्राला तिचं नाव काढलं की राग येतो. नाद मोठ्या गाडीचा आहे, गरजेचा नाही, हे तो प्रामाणिकपणे मान्य करतो.

परवा आम्ही वही घेऊन पुन्हा बसलो. अश्वशक्तीची ओळ त्यानं काटली. त्या जागी "मागचं चाक पंक्चर झालं तर कोण काढणार" अशी नवी ओळ आली, तिच्याखाली "सर्व्हिस पुण्यात की गावात", कारण पुणं म्हणजे जाऊन-येऊन साडेचारशे किलोमीटर. सीटच्या उंचीची ओळ त्यानं आकड्यांनी भरायची सोडली आहे. प्रत्येक शोरूममध्ये बसून दोन्ही टाचा टेकतात, एक टेकते की नुसते चवडे, एवढंच लिहायचं ठरलंय. सगळं पेननं. किमतीची ओळ तेवढी पेन्सिलनं आहे, कारण २०२५ या एका वर्षात ती दोनदा खोडावी लागली.