पार्श्वभूमी : ‘चहा’ या नावाला मिळालेली सवलत

हर्बल टीमध्ये चहाचं पान नसतं, म्हणजे कॅफीनही नसणार, असं बरेच जण गृहीत धरतात. येर्बा माते आणि ग्वाराना या दोन दक्षिण अमेरिकी वनस्पतींनी हा समज कधीच खोटा पाडला आहे. १८१९ मध्ये फ्रीडलीब रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने कॉफीच्या बियांतून कॅफीन वेगळं काढलं. पुढच्याच दशकात चहातून ‘थीन’ आणि ग्वारानातून ‘ग्वारानिन’ निघालं. फार वर्षं जायच्या आत कळलं, की हे सगळं कॅफीनच आहे. तरी मातेतलं ‘मातेईन’ काहीतरी वेगळं आणि सौम्य असतं, हा दावा विक्रेते आजही करतात.

कॅफीन निदान ओळखीचं आहे. कोकाच्या पानांची गोष्ट वेगळी. अँडीज पर्वतात या पानांचा काढा पिढ्यान्‌पिढ्या घेतला जातो. १९८० च्या दशकात त्याच्या टी-बॅग अमेरिकेत विकायला आल्या, त्याही कोकेन काढून टाकल्याचं सांगून. १९८६ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात तपासणीचे निष्कर्ष छापून आले : प्रत्येक पुडीत सुमारे ५ मिलिग्रॅम कोकेन होतं.

नियमांचा खरा कस लागला तो इफेड्राच्या बाबतीत. चिनी वैद्यकात ‘मा हुआंग’ नावाने या झुडपाच्या वाळलेल्या काड्या दम्यावर आणि सर्दीवर दोन हजारांहून जास्त वर्षं उकळून दिल्या जात आहेत. १८८५ मध्ये जपानच्या नागाई नागायोशी यांनी त्यातलं इफेड्रिन वेगळं केलं. १९२४ मध्ये पेकिंगमध्ये (आजचं बीजिंग) चेन आणि श्मिट या संशोधकांनी त्याचा शरीरावरचा परिणाम मांडला आणि ते पाश्चात्त्य डॉक्टरांच्या हाती आलं. इफेड्रिन रक्तदाब वाढवतं, हृदयाचे ठोके वाढवतं. जोडीला कॅफीन असलं की परिणाम आणखी चढतो. वैद्याने रोग्याला पाहून दिलेला काढा ही एक गोष्ट. वजन उतरवण्यासाठी कुणीही उचलावा असा घट्ट अर्क, वर ग्वारानाचं कॅफीन, ही साफ दुसरी.

१९९४ च्या अमेरिकी कायद्याने ही दुसरी गोष्ट सोपी करून टाकली. पूरक आहार (गोळ्या, अर्क अशा रूपातली ‘सप्लिमेंट्स’) विकण्याआधी तो सुरक्षित असल्याचं दाखवून देण्याची सक्ती उत्पादकावर राहिली नाही. तो धोकादायक आहे हे सिद्ध करणं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या गळ्यात पडलं. १९९७ मध्ये प्रशासनाने इफेड्रिनच्या एका वेळच्या मात्रेवर मर्यादा सुचवली, पण पुरावा अपुरा ठरवला गेला आणि २००० मध्ये त्या प्रस्तावाचा बराचसा भाग मागे घ्यावा लागला. फेब्रुवारी २००३ मध्ये स्टीव्ह बेकलर हा तरुण बेसबॉलपटू सरावादरम्यान उष्माघाताने दगावला. तो इफेड्रा घेत होता. एप्रिल २००४ मध्ये इफेड्रा असलेल्या पूरक आहारावर बंदी लागू झाली, म्हणजे कायदा झाल्यावर जवळजवळ दहा वर्षांनी.

आणि या बंदीतून काय सुटलं? पारंपरिक चिनी औषधं आणि नेहमीचं अन्न म्हणून नियंत्रित होणारे हर्बल टी. कायद्याच्या दृष्टीने यात विसंगती नाही, कारण बंदी पूरक आहारापुरतीच होती आणि अन्नाला वेगळे नियम आहेत. पिणाऱ्याला मात्र हा फरक कुठून कळणार?

युरोपने २०१५ मध्ये इफेड्राची वनस्पती आणि तिच्यापासून बनवलेले पदार्थ अन्नात वापरायलाच मनाई केली, त्यामुळे तिथे चहा की गोळी हा वादच उरला नाही. कॅफीनच्या बाबतीत मात्र त्याच युरोपने सवलत ठेवली आहे. लिटरमागे १५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफीन असलेल्या पेयावर इशारा छापावा लागतो. पण पेय चहा-कॉफीपासून बनलेलं असेल आणि त्याच्या नावातच ‘चहा’ किंवा ‘कॉफी’ असेल, तर तो छापायची गरज नाही.