‘मी परवानगी देत नाही’ ही पोस्ट टाकून काहीच थांबत नाही

‘उद्यापासून फेसबुक तुमचे फोटो वापरणार. हा मजकूर कॉपी करून टाका, नाहीतर संमती धरली जाईल.’ 2012 पासून फिरणारा हा निरोप इंदूरच्या मराठी गटांवर, रामबागेपासून पार उपनगरांपर्यंत, अजून डोकं वर काढतो. जुन्या आवृत्तीत ‘रोम कायद्या’ची धमकीही असायची. तो 1998 चा करार नरसंहार आणि युद्धगुन्ह्यांसाठी आहे; गणपतीच्या फोटोंशी त्याचा संबंध काय, देव जाणे!

खातं उघडताना आपण कंपनीच्या अटी मान्य केलेल्या असतात. फोटोची मालकी आपलीच राहते, पण वापराचा परवाना कंपनीला मिळतो. एकतर्फी पोस्टने तो रद्द होत नाही. फोटो कंपनीच्या सर्व्हरवरून पुसला गेला की हा परवाना संपतो, आणि पुसायला 90 दिवसांपर्यंत लागू शकतात.

उपयोग होतो तो सेटिंग्जचा. प्रायव्हसीमध्ये जुन्या पोस्टचे प्रेक्षक मर्यादित करण्याचा पर्याय आहे: ‘पब्लिक’ असलेल्या सगळ्या एकदम ‘फ्रेंड्स’वर येतात. मात्र हे एका झटक्यात उलटवता येत नाही, आणि टॅग केलेल्यांच्या मित्रांना त्या पोस्ट दिसत राहू शकतात. अकाउंट्स सेंटरमध्ये इतर अ‍ॅप आणि वेबसाइटवरून येणारी तुमची माहितीही खात्यापासून तोडता येते. बहुतेक जण तिथवर पोचतच नाहीत.

आपल्याकडच्या 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती मागे घेणं ती देण्याइतकंच सोपं हवं. ती सोय करून देणं कंपनीचं काम.