दोन भाषांचा कॅम्पस, एक मतपेटी

टोरांटोच्या उत्तर भागात, बेव्ह्यू आणि लॉरेन्स हे रस्ते मिळतात त्या बाजूला, डॉन नदीच्या खोऱ्याकडे उतरणाऱ्या झाडीत ग्लेंडन कॉलेज आहे. यॉर्क विद्यापीठाचा हा कॅम्पस आकाराने धाकटा, पण वयाने थोरला. हिवाळा सरत आला की इथे विद्यार्थी संघाच्या निवडणुकीची धामधूम सुरू होते. पोस्टरांवरचा मजकूर इंग्रजीत आणि फ्रेंचमध्येही असतो. उमेदवारांच्या सभेत एक प्रश्न या भाषेतून येतो, तर पुढचा त्या भाषेतून. संघाला नावंसुद्धा दोन आहेत, एक इंग्रजी आणि एक फ्रेंच.

कॅनडा म्हणजे दोन भाषांचा देश, तेव्हा यात काय विशेष, असं आपल्याला वाटू शकतं. प्रत्यक्षात तिथली बहुतेक विद्यापीठं एकाच भाषेत चालतात. दोन्ही भाषा एका छपराखाली नांदवणाऱ्या संस्था मोजक्याच आहेत आणि त्यांच्या विद्यार्थी निवडणुकांमध्ये एक पेच कायमचा असतो. मोजणीत प्रत्येक मताची किंमत सारखी, पण ज्या भाषेचे बोलणारे कमी, ती प्रत्येक मोजणीत मागेच राहणार. मग साध्या बहुमताने निवडलेलं मंडळ त्या भाषेचं म्हणणं मांडेल का? ओंटारियो प्रांतातल्या ग्लेंडन, ओटावा आणि लॉरेन्शियन या तीन ठिकाणी या प्रश्नाला तीन वेगळी उत्तरं मिळाली. त्यामागचा इतिहास इथे सांगायचा आहे.

ओंटारियो हा इंग्रजी बहुसंख्य प्रांत. आज तिथे सहा लाखांहून अधिक फ्रेंच भाषक राहतात, तरी प्रांताच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा लहान. १९१२ मध्ये प्रांतिक सरकारने 'नियम १७' काढला आणि शाळेच्या पहिल्या दोन वर्षांनंतर फ्रेंच माध्यमातून शिकवण्यावर बंदी घातली. ओटावातल्या गिग शाळेच्या दारात १९१६ च्या जानेवारीत आया उभ्या राहिल्या. हातात होत्या टोपीला लावायच्या लांब पिना. शिक्षिकांना वर्गाबाहेर काढायला आलेल्या माणसांना त्यांनी आत शिरू दिलं नाही. १९२७ मध्ये नियमाची अंमलबजावणी थांबली, पण एक पिढी होरपळून निघाली होती. फ्रेंचमधून शिकणं ही मागून मिळणारी गोष्ट नाही, ती राखावी लागते, हे त्या घरांमध्ये पक्कं रुजलं. पुढे विद्यार्थी संघटनांच्या राजकारणात फ्रेंच मुलांचा जो हट्टीपणा दिसतो, तो मला या आयांकडून आलेला वाटतो.

ओटावा विद्यापीठ या सगळ्याच्या आधीपासून होतं. १८४८ मध्ये, शहराचं नाव अजून बायटाऊन असताना, ओब्लेट पंथाच्या धर्मगुरूंनी ते कॉलेज म्हणून सुरू केलं आणि पहिल्यापासून दोन्ही भाषांत चालवलं. तिथे फ्रेंच ही संस्थापकांचीच भाषा होती. ग्लेंडनची गोष्ट उलटी. तिथे द्विभाषिकता आली ती एका विचारातून आणि एका माणसाच्या आग्रहातून.

मूळ जागा एडवर्ड रॉजर्स वूड या धनिकाची. १९२० च्या दशकात त्यांनी इथे बंगला बांधला, तो ग्लेंडन हॉल. त्यांच्या पत्नीच्या मृत्युपत्रानुसार ही मालमत्ता टोरांटो विद्यापीठाकडे गेली. १९५९ मध्ये स्थापन झालेलं यॉर्क विद्यापीठ १९६१ मध्ये इथे राहायला आलं. १९६५ मध्ये शहराच्या दुसऱ्या टोकाला कील रस्त्यावर मोठा कॅम्पस उभा राहिला. मग या जुन्या, शांत जागेचं काय करायचं, असा प्रश्न पडला.

देशातली हवा तेव्हा तापलेली होती. फ्रेंच बहुसंख्य असलेल्या क्वेबेक प्रांतात 'शांत क्रांती', म्हणजे समाज आणि सरकार झपाट्याने बदलणारा काळ, सुरू होता. १९६३ मध्ये केंद्र सरकारने द्विभाषिकता आणि द्विसंस्कृती यांवर राजेशाही आयोग नेमला. विद्यार्थी चळवळ तर याच रेघेवर आधीच फुटली होती. १९६४ मध्ये क्वेबेकच्या फ्रेंच विद्यापीठांतल्या संघटना राष्ट्रीय विद्यार्थी संघातून बाहेर पडल्या आणि त्यांनी आपला स्वतंत्र संघ काढला. देशभरच्या विद्यार्थ्यांना एका संघटनेत ठेवणं जिथे जमलं नव्हतं, तिथे एका कॉलेजात ते करून पाहायचं ठरलं. १९६६ मध्ये ग्लेंडन द्विभाषिक कॉलेज म्हणून सुरू झालं.

पहिले प्राचार्य एस्कॉट रीड. हे नाव भारतीयांना थोडं तरी माहीत असायला हवं. १९५२ ते १९५७ या काळात ते कॅनडाचे भारतातले उच्चायुक्त होते. वेगळ्या आंध्र राज्यासाठी पोट्टी श्रीरामुलूंचं उपोषण आणि मृत्यू, राज्य पुनर्रचना आयोग, १९५६ ची भाषावार पुनर्रचना, संयुक्त महाराष्ट्राचा लढा, हे सारं घडत असताना हा माणूस दिल्लीत होता. नाटो कराराच्या जडणघडणीत त्यांचा हात होता आणि प्राचार्य होण्याआधी ते जागतिक बँकेत दक्षिण आशियाचं काम पाहत होते. भारतातल्या भाषिक राजकारणाचा त्यांच्या ग्लेंडनवर किती परिणाम झाला, याबद्दल मी दावा करणार नाही. पण भाषेच्या प्रश्नावरून देशाचा नकाशा बदलताना ज्याने पाहिला, त्याच्याच हाती हे कॉलेज आलं, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. देशाचा कारभार दोन्ही भाषांत चालवू शकतील असे तरुण घडवायचे, हे रीड यांचं स्वप्न होतं. इंग्रजी मुलाने फ्रेंच शिकायचं आणि फ्रेंच मुलाने इंग्रजी, ही अट होती.

या उद्देशामुळेच तिथल्या विद्यार्थी निवडणुकीला वजन होतं. वर्गात शिकलेली दुसरी भाषा खरी कसाला लागते ती भांडताना, मतं मागताना आणि बैठकीत ठराव मांडताना. विद्यार्थी संघ ही त्या शिक्षणाची प्रयोगशाळाच होती. पुढे केंद्रात वाहतूकमंत्री झालेले डेव्हिड कोलेनेट आणि ओंटारियोचे अर्थमंत्री झालेले ग्रेग सोरबारा हे दोघेही ग्लेंडनचेच विद्यार्थी.

पण स्वप्नाला आकड्यांनी गाठलं. सक्तीच्या फ्रेंचमुळे विद्यार्थी यायला कचरू लागले. रीड १९६९ मध्ये प्राचार्यपद सोडून गेले आणि १९७१ मध्ये दुसऱ्या भाषेची अट नसलेली वेगळी शाखा उघडावी लागली. म्हणजे आता मतदारयादीत फ्रेंच अजिबात न समजणारी मुलंही आली. पुढे दुसऱ्या भाषेची अट परतली, पण तोवर मतदारच बदलून गेले होते आणि हा बदल नीट समजून घेण्यासारखा आहे.

१९६५ मध्ये क्वेबेकच्या सँ-लांबेर गावात इंग्रजी पालकांनी आग्रह धरून आपल्या मुलांसाठी 'इमर्शन' वर्ग सुरू करवले. घरी इंग्रजी, शाळेत सगळं फ्रेंचमधून. ही पद्धत देशभर पसरली. या शाळांतून बाहेर पडलेल्या मुलांना ग्लेंडन हे सरळ पुढचं पाऊल वाटू लागलं. दुसरीकडे ओंटारियोतल्या जुन्या फ्रेंच कुटुंबांतली मुलं होती. टोरांटोत हैती, काँगो, माघरेब (मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशियाचा भाग), पश्चिम आफ्रिका इथून आलेल्या घरांमधलीही होती. त्यांच्यासाठी फ्रेंच ही घरातली, शाळेतली किंवा देश सोडताना बरोबर आणलेली भाषा. सभेच्या व्यासपीठावर इमर्शनचा उमेदवार सफाईने फ्रेंच बोलतो, टाळ्या घेतो. म्हणून तो फ्रेंच मुलांचा प्रतिनिधी ठरतो का? प्राध्यापक फ्रेंच पेपर इंग्रजीतून तपासतो, कॅन्टीनच्या खिडकीवर फ्रेंचमध्ये विचारलं की समोरचा गोंधळतो, वसतिगृहाची नोटीस फ्रेंचमध्ये चार दिवस उशिरा लागते, अशा तक्रारी ज्याच्या रोजच्या जगण्यातल्या आहेत, त्याने त्या मांडणं आणि भाषा शिकलेल्याने त्या मांडणं यात फरक आहे. भाषा येणं आणि त्या भाषेमुळे अडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला तर वाटतं, द्विभाषिक कॅम्पसवरचं सगळं राजकारण या एका फरकाभोवती फिरतं.

ग्लेंडनने उत्तर दिलं ते एकत्र राहण्याचं. विद्यार्थी संघ एकच. 'प्रो टेम' हे विद्यार्थ्यांचं नियतकालिकही एकच, दोन्ही भाषांत. ते १९६२ पासून, म्हणजे कॉलेज द्विभाषिक व्हायच्याही आधीपासून निघतंय. नाव लॅटिन, अर्थ 'तूर्तास'. दोन्ही भाषांच्या बाहेरचं हे नाव योगायोगाने किती बरोबर बसलं! विद्यार्थ्यांनीच चालवलेला 'कॅफे द ला तेरास' आणि रेडिओ ग्लेंडन हेही सगळ्यांचे. कॅम्पस लहान असल्यामुळे हे जमलं असावं. चार पावलांवर सगळे सगळ्यांना भेटतात, आणि उमेदवाराला मतासाठी दुसऱ्या भाषेच्या टेबलावर जाऊन बसावंच लागतं.

ओटावाचं उत्तर निराळं. तिथे विद्यार्थी संघ एक, पण वृत्तपत्रं दोन. फ्रेंच 'ला रोतोंद' १९३२ पासून आणि इंग्रजी 'फुलक्रम' १९४२ पासून. या दुसऱ्या डोळ्याचा उपयोग २०१८ मध्ये दिसला. विद्यार्थी संघातल्या आर्थिक गैरव्यवहाराच्या आरोपांची बातमी त्या ऑगस्टमध्ये 'ला रोतोंद'ने बाहेर आणली. विद्यापीठाने संघाशी असलेला करार संपवला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये विद्यार्थ्यांनी सार्वमताने नवा संघ निवडला. कमी वाचकांच्या भाषेतलं स्वतंत्र पत्र ही सगळ्या कॅम्पसची गरज असते, याचा याहून स्पष्ट दाखला माझ्या पाहण्यात नाही.

तिसरं उत्तर सडबरीतल्या लॉरेन्शियन विद्यापीठाचं. १९७० च्या दशकात तिथल्या फ्रेंच विद्यार्थ्यांनी सर्वसाधारण संघातून बाहेर पडून आपली वेगळी संघटना उभी केली. स्वतःची निवडणूक, स्वतःचा पैसा, बैठकीची भाषा फक्त फ्रेंच. यात फुटीरपणा आहे असं म्हणणारे तेव्हाही होते. पण त्याच वर्षांत त्याच आवारात काय घडलं ते पाहा. इतिहासाचे प्राध्यापक गाएतां जर्वे आणि राज्यशास्त्राचा विद्यार्थी मिशेल द्युप्वी यांनी मिळून एक झेंडा तयार केला. हिरव्या आणि पांढऱ्या पट्ट्यांवर ओंटारियोचं ट्रिलियम फूल आणि फ्रेंचांचं लिलीचं फूल. २५ सप्टेंबर १९७५ रोजी, तेव्हा लॉरेन्शियनशी संलग्न असलेल्या सडबरी विद्यापीठात तो पहिल्यांदा फडकला. आज तो ओंटारियोच्या फ्रेंच समाजाचा अधिकृत झेंडा आहे, २००१ पासून कायद्याने मान्य.

मराठी वाचकाला हे दूरचं वाटू नये. आपल्या शहरांतली बहुतेक कॉलेजं कागदावर नसली तरी वागण्यात द्विभाषिकच आहेत. फळ्यावर इंग्रजी, कट्ट्यावर मराठी. मुंबईत इंग्रजी वळणाच्या कॉलेजांमध्ये मराठी वाङ्मय मंडळांनी जे टिकवलं, ते काम लॉरेन्शियनच्या त्या वेगळ्या संघटनेच्या जवळचंच आहे. फरक आहे तो मताचा. आपल्याकडे वर्ग प्रतिनिधी, त्यांच्यातून यूआर (विद्यापीठ प्रतिनिधी) आणि जीएस (सरचिटणीस) अशी निवडणुकीची साखळी होती. १९८९ मध्ये मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला, निवडणुकांतली मारामारी आणि पैसा यांवर संताप उसळला, आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने निवडणुकांऐवजी गुणवत्तेवर नेमणूक आणली. माझ्या कॉलेजच्या काळात वर्ग प्रतिनिधी गुणपत्रिका पाहून ठरायचा. तो हुशार होता, पण आमच्यापैकी कुणालाही त्याच्याकडे काही मागायचा हक्क वाटला नाही. २०१६ च्या कायद्याने थेट निवडणुका परत आणल्या, २०१९ मध्ये वेळापत्रकही निघालं, पण विधानसभा निवडणुकीचं कारण देऊन त्या पुढे ढकलल्या गेल्या. हिंसा थांबवायलाच हवी होती. पण मत काढून घेतल्यावर भाषेचा, फीचा, वसतिगृहाचा प्रश्न मांडायला निवडून आलेलं कुणी उरलं नाही, हेही खरं आहे.

कॅनडातल्या संघटनांना बळ मिळतं ते पैशामुळे. शिक्षण शुल्काबरोबर विद्यापीठ संघाची वर्गणी गोळा करतं आणि ती संघाकडे देतं. संघ कायद्याने स्वतंत्र संस्था असतो. जानेवारी २०१९ मध्ये ओंटारियो सरकारने अशा बऱ्याच वर्गण्या ऐच्छिक केल्या. छोट्या भाषेतली वृत्तपत्रं आणि रेडिओ यांना याचा सर्वांत मोठा धोका होता, कारण त्यांचे वाचक आणि श्रोते मुळातच थोडे. राष्ट्रीय विद्यार्थी महासंघ आणि यॉर्कचाच मोठा विद्यार्थी संघ न्यायालयात गेले. नोव्हेंबर २०१९ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये अपील न्यायालयानेही तो कायम ठेवला.

त्याआधी नोव्हेंबर २०१८ मध्ये याच सरकारने टोरांटोत होऊ घातलेलं फ्रेंच विद्यापीठ रद्द केलं होतं. १ डिसेंबरला प्रांतभर हजारो लोक रस्त्यावर आले, हातात सडबरीच्या आवारात जन्मलेला तो हिरवा-पांढरा झेंडा घेऊन. केंद्राच्या पैशाच्या आधाराने विद्यापीठ परत मार्गी लागलं. २०२१ चं वर्ष मग दोन टोकांचं ठरलं. एप्रिलमध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत सापडलेल्या लॉरेन्शियनने ६९ अभ्यासक्रम बंद केले, त्यांपैकी २८ फ्रेंच. आणि त्याच वर्षी शरदात टोरांटोच्या सरोवरकाठी नव्या फ्रेंच विद्यापीठाचे वर्ग भरले.

ग्लेंडनला हे नवं विद्यापीठ जवळच आहे. टोरांटोतल्या फ्रेंच मुलाला आता फक्त फ्रेंचमध्ये चालणारा कॅम्पस निवडता येतो, जिथे प्रत्येक पोस्टर, प्रत्येक सभा, प्रत्येक मत त्याच्याच भाषेत असेल. अशी मुलं तिकडे गेली तर ग्लेंडनच्या मतदारयादीत फ्रेंच नावं आणखी कमी होतील. मग दोन्ही भाषांत प्रचार करणं ही उमेदवाराची गरज राहील की नुसती रीत, हे येत्या काही वर्षांच्या निवडणुकांत कळेल.