ज्येष्ठा गौरी

भाद्रपद शुक्ल पक्षात अनुराधा, ज्येष्ठा व मूळ या लागोपाठच्या नक्षत्रांवर करावयाचे देवीचे तीन दिवसांचे व्रत. अनुराधेवर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन व मुळावर विसर्जन होते. विदर्भ-मराठवाड्यात या सणास महालक्ष्म्या, तर कोकणात व पश्चिम महाराष्ट्रात गौरी म्हणतात. श्रावणातील वरमहालक्ष्मी व्रत किंवा कर्नाटकात भाद्रपद तृतीयेस होणारे स्वर्णगौरी व्रत यांहून हे निराळे आहे.

व्रत नक्षत्रप्रधान असल्याने त्याची तिथी ठरलेली नसते. भाद्रपदी पौर्णिमेचा चंद्र पूर्वा किंवा उत्तरा भाद्रपदेच्या आसपास असतो. पूर्वा भाद्रपदा हे २५ वे व ज्येष्ठा हे १८ वे नक्षत्र; चंद्र दिवसाला सुमारे एक नक्षत्र पुढे सरकतो. त्यामुळे ज्येष्ठा पौर्णिमेआधी सात-आठ दिवस, म्हणजे बहुधा सप्तमी-अष्टमीच्या सुमारास येते. गणेशचतुर्थीपासूनचे अंतर दरवर्षी बदलते आणि ज्या घरी गणपती गौरींबरोबर जातो तेथे त्याचा मुक्कामही कमी-अधिक होतो.

या देवीच्या मुळाविषयी एकमत नाही. काहींच्या मते ती पुराणांतील ज्येष्ठा, म्हणजेच अलक्ष्मी होय. समुद्रमंथनात ती लक्ष्मीच्या आधी निघाली अशी कथा आहे. काकध्वज (कावळ्याचे चिन्ह असलेला ध्वज), गाढव व केरसुणी ही तिची लक्षणे असून कांचीपुरमच्या कैलासनाथ मंदिरात तिचे शिल्प आहे. हेमाद्रीच्या चतुर्वर्गचिंतामणी या धर्मशास्त्रावरील ग्रंथात (१३ वे शतक) आलेले ज्येष्ठाव्रत दारिद्र्यनाशासाठी सांगितले आहे. शिवाय अनेक घरी ज्येष्ठा व कनिष्ठा अशा दोन मूर्ती बसतात, त्यातही अलक्ष्मी-लक्ष्मी या बहिणींची जोडी पाहता येते. मात्र प्रचलित पूजेत काकध्वजादी चिन्हांपैकी एकही आढळत नाही; देवी येते ती माहेरवाशीण म्हणून, कुंकवाच्या पावलांनी. त्यामुळे नाव नक्षत्रावरून पडले हे मत अधिक ग्राह्य वाटते. सोळा पदरांचा दोरा, सोळा भाज्या हा सोळाचा आग्रह भाद्रपद शुद्ध अष्टमीपासूनच्या सोळा दिवसांच्या महालक्ष्मीव्रतातून आला असावा. तेरड्याची रोपे गौर म्हणून आणण्याच्या रीतीमागे पावसाळी पिकांशी निगडित, कदाचित ग्रंथोक्त विधीहून जुना, लोकाचार संभवतो. त्याचा काळ निश्चित करणे कठीण आहे.

गौरीचे रूप कुळाचारानुसार बदलते. कोकणस्थांत पाणवठ्यावरून न बोलता आणलेले पाच किंवा सात खडे पूजतात. देशावर शाडूचे किंवा पितळेचे मुखवटे कोठ्यांवर अथवा लोखंडी सांगाड्यांवर बसवून साडी नेसवतात. विदर्भ-मराठवाड्यात पुढे बाळेही मांडतात. पहिल्या दिवशी भाजी-भाकरीचा आणि दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, आंबील व फुलोऱ्याचा नैवेद्य असतो. कोकणातील काही समाजांत मात्र दुसऱ्या दिवशी तिखटाचा, म्हणजे मांसाहारी नैवेद्य दाखवतात. गौरीच्या पार्वती-स्वरूपाची चर्चा करताना ही रीत सहसा वगळली जाते, ते योग्य नाही. कोकणातच नवविवाहितेचा ओवसा, म्हणजे गौरीपुढे ठेवायचे वाण, सुपांनी भरतात.

विसर्जनाच्या दिवशी हळद लावलेल्या दोऱ्यांना गाठी देऊन ते सुवासिनी गळ्यात बांधतात. खडे व तेरडा पाण्यात सोडतात; मुखवटे अक्षता टाकून हलवतात व पुढील वर्षासाठी जपून ठेवतात.