वेबसाइटसाठी फोटो तयार करताना मूळ फाइल हातची घालवू नका

आम्ही वेबसाइट बनवतो. त्यासाठीचे फोटो आणि बॅनर स्वतःच करायचे ठरवलेले ग्राहक आधी फोटोशॉपबद्दल विचारतात. दरमहा पैसे भरून ते घ्यावंच लागेल का? वेबसाइटपुरतं काम असेल तर नाही. गिंप हे मोफत सॉफ्टवेअर 1996 पासून उपलब्ध आहे. फोटो कापणं, उजेड सुधारणं, पार्श्वभूमी काढणं, वर अक्षरं टाकणं, सगळं त्यात नीट होतं. विंडोजवरचं पेंट डॉट नेट शिकायला त्याहून सोपं. काहीच इन्स्टॉल करायचं नसेल तर फोटोपी ब्राउझरमध्येच चालतं आणि फोटोशॉपच्या पीएसडी फाइलीही उघडतं. लोगो मात्र इंकस्केपमध्ये करा. त्याची एसव्हीजी फाइल पिक्सेलऐवजी रेषा आणि आकारांची बनलेली असते, त्यामुळे कितीही मोठी केली तरी फाटत नाही.

तुमचा आणि आमचा वेळ जातो तो एका सवयीपायी. फोटो उघडला, लहान केला, त्यावर मजकूर टाकला आणि त्याच नावाने सेव्ह केला. मूळ फोटो संपला. पुढे कधीतरी निरोप येतो, "तोच फोटो पहिल्या पानावर पूर्ण रुंदीत लावा, आणि त्यावरची तारीख बदला." तेव्हा हाती उरलेली असते 800 पिक्सेल रुंदीची, मजकूर चिकटलेली जेपीजी.

हिशेब पाहा. 4000 बाय 3000 चा फोटो म्हणजे 1 कोटी 20 लाख पिक्सेल. 800 बाय 600 केला की उरले 4 लाख 80 हजार. 25 पैकी 24 पिक्सेल कायमचे गेले. पुन्हा मोठा केला तर सॉफ्टवेअर शेजारच्या रंगांवरून अंदाजाने जागा भरतं आणि फोटो धुरकट दिसतो. एआयची साधनं कडा रेखीव करतात, पण तपशील मनाने भरतात. विकायच्या वस्तूच्या फोटोत कापडाची वीण किंवा लेबलवरची अक्षरं बदलली तर ती खरेदीदाराची फसवणूक ठरते, म्हणून अशा फोटोंवर ती साधनं आम्ही वापरत नाही.

शिवाय जेपीजी चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोन करून त्यातला बारीक तपशील टाकून देते. फाइल लहान होते ती त्यामुळेच. बदल करून पुन्हा सेव्ह केली की आणखी थोडं जातं. वरचेवर बदललेल्या बॅनरवर अक्षरांभोवती डाग दिसतात ते यामुळे. लाल अक्षरांवर ते फार लवकर डोळ्यांत भरतात.

तेव्हा आधी फोटोची प्रत करा आणि काम प्रतीवरच करा. लेयर असलेली फाइल, म्हणजे जिच्यात फोटो आणि मजकूर वेगवेगळ्या थरांवर राहून नंतर बदलता येतात ती, वेगळी ठेवा: गिंपमध्ये एक्ससीएफ, पेंट डॉट नेटमध्ये पीडीएन, फोटोपीमध्ये पीएसडी. साइटवर जाणारा फोटो दुसऱ्या नावाने काढा. "गिंपमध्ये सेव्ह केलं तरी जेपीजी मिळत नाही" ही तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. 2012 मध्ये आलेल्या 2.8 आवृत्तीपासून तिथे सेव्ह म्हणजे एक्ससीएफ, आणि जेपीजी हवी तर एक्सपोर्ट. सुरुवातीला अडचणीचं वाटतं, पण तुमचं मूळ काम त्यानेच वाचतं. त्याच मेनूत ओव्हरराइट दिसेल, त्याला हात लावू नका.

एक्सपोर्ट करताना फोटोला जेपीजी, क्वालिटी 80 ते 85. पारदर्शक पार्श्वभूमी असेल तर पीएनजी. पूर्ण रुंदीच्या बॅनरला 1920 पिक्सेल बहुतेक वेळा पुरतात. डीपीआय (छपाईत एका इंचात किती ठिपके, तो आकडा) 72 ठेवा की 300, साइटवर काही फरक पडत नाही.

"आम्हीच लहान करून देतो, मूळ फोटो कशाला मागता?" असं अनेकांना वाटतं. मोबाइल, टॅब आणि मोठा स्क्रीन यांच्यासाठी एकाच फोटोचे वेगवेगळे आकार आम्ही काढतो, वेबपी या वेबसाठीच्या हलक्या फॉरमॅटमध्येही. ते मूळ फोटोतूनच चांगले निघतात. म्हणून लहान फोटो आला की आम्ही तो परत पाठवतो. काम थोडं लांबतं, पण धुरकट फोटो लावलेली साइट तुमच्या हाती द्यायला आम्ही तयार नाही. व्हॉट्सॲपवरून पाठवायचेच असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवले की ते आकसतात. वर्डमध्ये चिकटवून तर नकोच.

ज्यांच्या साइटचं काम आमच्याकडे आहे त्यांना बॅनरच्या मापाच्या, रंग आणि फाँट बसवलेल्या एक्ससीएफ आणि पीएसडी फाइली आम्ही देतो. मजकूर बदलायचा आणि एक्सपोर्ट करायचं, एवढंच उरतं. जुन्या फोटोंपैकी मूळ कोणते हे कळत नसेल तर अख्खा फोल्डर पाठवा. वापरता येण्याजोगे फोटो आम्ही वेगळे काढू आणि कोणते पुन्हा काढावे लागतील तेही कळवू.