लवकर कळलं म्हणजे वाचलोच का?

"काही त्रास नाही, तरी मॅमोग्राफी करून घेऊ का?" असं एखादीने विचारलं की घरचे लगेच म्हणतात, करून टाक, त्यात काय जातंय? मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा कॅन्सर शोधायला काढलेला एक्स-रे. त्यात जातं थोडंफार, आणि ते तिला आधी कळायला हवं.

स्तनातले काही कॅन्सर इतके संथ असतात की त्यांनी त्या बाईला जन्मभर त्रास दिला नसता. मॅमोग्राफीत मात्र ते दिसतात. एकदा दिसले की कुठला गप्प बसेल आणि कुठला पसरेल, हे खात्रीने सांगता येत नाही. म्हणून सगळ्यांवरच उपचार होतात. ब्रिटनमधल्या तज्ज्ञांच्या एका स्वतंत्र समितीने २०१२ साली हिशेब मांडला. पन्नाशीच्या १०,००० बायकांना वीस वर्षं तपासणीला बोलावलं, तर ४३ जणींचा जीव वाचतो आणि १२९ जणींवर नको असलेले उपचार होतात. एक वाचते, तिच्यामागे तिघी विनाकारण रुग्ण होतात. तरीही तपासणी चालू ठेवावी, असंच समितीचं मत पडलं. मलाही ते पटतं, फक्त हे आकडे प्रत्येकीच्या हाती आधी पडले पाहिजेत.

तरुण वयात हिशेब आणखी अवघड होतो. तेव्हा स्तन दाट असतो. फिल्मवर तो पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच.

मग यंत्राऐवजी हातानेच तपासलं तर? हे मुंबईतच करून पाहिलं गेलं. टाटा मेमोरियलच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मुंबईतल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांवर बायकांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या जणींना प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत, अशा चार फेऱ्या झाल्या. निकाल २०२१ मध्ये आला. तपासलेल्या गटात कॅन्सर कमी पुढे गेलेला असतानाच सापडत होता. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये त्याने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत मात्र तसा ठोस फायदा दिसला नाही. महागडं यंत्र नसलेल्या तालुक्याच्या गावासाठी मला हा निकाल फार मोलाचा वाटतो.

हा सगळा हिशेब कुठलाही त्रास नसलेल्या बाईचा आहे. हाताला गाठ लागली, बोंडातून रक्त आलं, कातडी आत ओढली गेली किंवा काखेत काही टणक जाणवलं, तर तिला तो लागू नाही. तिने त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जायचं, वय कितीही असो.